सात नंबरची म्हैस

हे मी आजवर कुणापाशीच बोललेले नाही. घरात नाही, शाळेत नाही, देवापुढे तर नाहीच. आज तुम्हाला सांगते. नीट क्रमाने सांगणार आहे, कारण मला दुसऱ्या कुठल्या रीतीने काही करताच येत नाही — आणि सगळा घोळ तिथेच झाला.

मला याद्यांची सवय आहे. किराण्याची यादी, वर्गातल्या गैरहजर मुलांची यादी, गावाला निघताना कुलूप-खिडकी-शेगडी अशी दाराला चिकटवलेली यादी. लोक हसतात. हसोत. यादी असली की काही राहून जात नाही, असे मी मानत होते.

माझा धाकटा भाऊ भगवान पेडगाव ते परभणी मॅटाडोर चालवायचा. विद्यापीठाच्या नामांतरावरून मधूनमधून बंद पुकारला जायचा, एस.टी. जागेवर उभी राहायची, तेव्हा सगळ्या गावाची भिस्त त्याच्या गाडीवर. एकदा टपावर पोती बांधताना दोर सुटला आणि भगवान खाली डोक्यावर आपटला. कितीतरी दिवस दवाखान्यात होता. मग उठला, चालला, बोलला, मला चिडवायलाही लागला. गाव म्हणाले, वाचला. त्याला आणि त्याची बायको शांता हिला मी परभणीला माझ्याच घरी ठेवून घेतले.

फक्त — ताटात डावीकडे वाढलेले तसेच राहायचे. उजवीकडचे पुसून साफ, डावीकडच्या भाकरीला हातही नाही. डोळे ठणठणीत होते. डोकेच डावीकडे बघायचे विसरले होते. मी काय केले? जेवता जेवता त्याचे ताट फिरवून द्यायला लागले. उरलेली भाकर उजवीकडे आली की तो खायचा. प्रश्न मिटला. माझे प्रश्न असेच मिटायचे.

मोठ्या डॉक्टरांनी सांगितले, परदेशात यासाठी यंत्र असते. खोलीतच गाडीची सीट, स्टिअरिंग, ब्रेक आणि समोर पडद्यावर रस्ता. आपल्याकडे ते कुठून आणणार? तुम्ही शिक्षिका आहात, घरी काही जमवा. महिनाभर रोज सराव, रोज नोंद. डावीकडचे एकही चुकेनासे झाले की वही घेऊन या. तोवर गाडीला हात नाही.

मी जमवले. भंगारातून जीपचे स्टिअरिंग आणले, सुताराकडून लाकडी ब्रेक करून घेतला. अंगणात दोरीवर चादर टांगली. वीस पुठ्ठ्यांवर वीस चित्रे काढली — सायकलवाला, बैलगाडी, शेळी, म्हैस. चादरीमागून शांता एकेक पुठ्ठा काठीला लावून बाहेर काढायची, कधी डावीकडून, कधी उजवीकडून. भगवानने ब्रेक दाबून नाव सांगायचे. मी शेजारी स्टुलावर, मांडीवर वही. बरोबरची खूण, चुकीची फुली.

पहिल्या आठवड्यात डावीकडे फुल्याच फुल्या. तिसऱ्या आठवड्यात एखादीच. तो खूश, मी त्याहून खूश.

"आक्के, पास कर की आता. शाळेतल्या पोरायला करतीस तसं," तो म्हणायचा.

आता मुद्द्याचे. चित्रांचा क्रम मी एकदाच ठरवला होता. एक नंबर सायकलवाला, डावीकडून. दोन नंबर शेळी, उजवीकडून. रोज तोच क्रम. का? क्रम बदलला की वहीतले रकाने जुळत नाहीत म्हणून. पुठ्ठे एकावर एक लावून ठेवले की शांताला सोपे म्हणून. वीस वर्षे मुलांची परीक्षा घेणाऱ्या बाईला एवढे कळू नये?

कळले. शेवटच्या आठवड्यात कळले. सहा नंबर झाला आणि आतून करपल्याचा वास आला. "वन्सं, दूध उतू गेलं!" म्हणत शांता पुठ्ठे टाकून आत पळाली. चादरीच्या डावीकडे काही नव्हते. उजवीकडेही नव्हते. आणि भगवानने करकचून ब्रेक दाबला.

"म्हैस!" तो म्हणाला. आणि माझ्याकडे वळून हसला.

लबाडी नव्हती हो ती. त्याला यादी पाठ झाली होती, हे त्याचे त्यालाही माहीत नव्हते. त्याला खरेच वाटत होते की म्हैस दिसली. हे जगात एकट्या मला कळले — आणि मी काय केले? सात नंबरपुढे बरोबरची खूण केली.

का? परवा डॉक्टरांकडे जायचे होते. पेडगावची माणसे रोज येऊन गाडी कधी सुरू होणार म्हणून डोके खायची. शाळेच्या परीक्षा तोंडावर होत्या. पुन्हा नवी यादी, पुन्हा महिनाभर ती चादर? मला वीट आला होता. त्याचा, शांताचा, त्या लाकडी ब्रेकच्या आवाजाचा. मला माझे अंगण परत हवे होते. एवढेच.

डॉक्टरांनी वही चाळली, अक्षराचे कौतुक केले, परवानगी दिली.

सतराव्या दिवशी, भर दुपारी, सरळ रस्त्यावर भगवानच्या गाडीने काशिनाथला उडवले. सायकलवर कापड विकत फिरणारा माणूस. रस्त्याच्या डाव्या कडेने चालला होता. त्याचा पाय गुडघ्याखाली काढावा लागला.

इथवर निदान चूक म्हणता येईल. पुढचे ऐका. ठाण्यात मी वही टेबलावर ठेवली. भावाची रीतसर तपासणी झाली आहे, बघा. हवालदार पाने उलटत म्हणाला, "बाई, असली वही तर आमच्या ठाण्यातबी न्हाई." मग कागदावर आले की सायकलवाला एकाएकी आडवा आला. मी समोर बसून होते. तोंडातून चकार शब्द काढला नाही.

काशिनाथ अजून आहे. कुबडी घेऊन स्टँडवर हातरुमाल विकतो. मी दिसले की "नमस्कार बाई" म्हणतो. मीही नमस्कार करते.

भगवानने पुन्हा गाडी चालवली नाही. एकदाच, जेवता जेवता, त्याने विचारले, "आक्के, मला खरंच दिसत होतं ना?"

मी म्हणाले, "वहीत लिहिलंय की."

आणि त्याचे ताट फिरवले.

वही माझ्या कपाटात आहे. शेवटून दुसरे पान. सात, म्हैस, डावीकडून, बरोबर. म्हैस आलीच नव्हती.