एका शब्दाची जागा

विल्यम आणि हेलन ही सख्खी भावंडं, पण मुंबईत उतरली ती दोन वेगवेगळ्या देशांच्या पासपोर्टांवर. दुसऱ्या दिवशी पुण्याहून कोल्हापूरला निघालो तेव्हा विल्यम पुढं चालकाशेजारी बसला आणि हेलन मागं माझ्याजवळ. ही व्यवस्था कुणी ठरवली नव्हती. सातारा मागं पडेपर्यंत दोघं एकमेकांशी बोलली ती माझ्यामार्फत. मी मराठीची दुभाषी म्हणून आले होते. इंग्रजीतून इंग्रजीत भाषांतर करावं लागेल, याची कल्पना नव्हती.

माझी मुलगी डब्लिनला हेलनच्या घरात वरच्या मजल्यावर भाड्यानं राहते, म्हणून हे काम माझ्याकडं आलं. या भावंडांची आत्या, मार्गारेट, परिचारिका होती. राधानगरी रस्त्यावरच्या एका गावातल्या मिशनच्या दवाखान्यात तिचा जन्म गेला आणि तिथंच तिला पुरलं. मागच्या पावसाळ्यात झाड पडून तिच्या थडग्याचा दगड फुटला. नवा दगड तयार होता, अक्षरंही कोरून झाली होती. फक्त ती कुठली, ही एक ओळ राहिली होती. त्या ओळीवरून बहीणभाऊ कित्येक महिने फोनवर भांडत होते. विल्यमच्या फुप्फुसांचं दुखणं बरं होण्यातलं नव्हतं. तो आहे तोवर दगड उभा राहावा, एवढ्या एका गोष्टीवर दोघांचं एकमत होतं.

भांडण समजून घ्यायला थोडा भूगोल लागतो. आयर्लंड हे बेट एक, पण त्यावर राज्यं दोन. बेटाचा मोठा भाग स्वतंत्र प्रजासत्ताक आहे. ईशान्येचे सहा जिल्हे ब्रिटनमध्ये राहिले. त्या कोपऱ्याला उत्तर आयर्लंड म्हणतात. बऱ्याच रक्तपातानंतर झालेल्या करारात ठरलं की तिथल्या बहुमतानं मतदानात तसं निवडलं, तरच तो कोपरा प्रजासत्ताकात जाईल. या दोघांचं गाव त्या कोपऱ्यात. विल्यम तिथंच राहिला आणि त्यानं गाई पाळल्या. हेलन डब्लिनला गेली, तिथल्या कॅथलिक माणसाशी लग्न केलं आणि आयरिश झाली. तिच्या मते ती जन्मापासूनच आयरिश होती, फक्त कागद उशिरा आले. दगडावर हेलनला ‘आयर्लंड’ हवं होतं, विल्यमला ‘उत्तर आयर्लंड’. आत्या जन्मली तेव्हा बेटावर ती रेघ पडलेलीच नव्हती. हेलन म्हणायची, म्हणजे तेव्हा आयर्लंड एक होतं. विल्यम म्हणायचा, एक होतं आणि सगळंच्या सगळं ब्रिटिश होतं. दोघंही खरं बोलत होते, त्यामुळं मिटायचं काही चिन्ह नव्हतं.

कोल्हापुरात लॉजवर नाव लिहून घेणाऱ्या माणसानं दोन्ही पासपोर्ट शेजारी ठेवले.

“नवराबायको काय?”

“बहीणभाऊ,” मी म्हटलं.

“सख्खी?”

“सख्खी.”

“मग ह्यो एका देशाचा न् ही दुसऱ्या देशाची कशी?” त्यानं माझ्याकडं असं पाहिलं, जणू या घोटाळ्यात माझाही हात असावा. मी म्हटलं, लांबची गोष्ट आहे. “असंल की,” तो म्हणाला आणि किल्ल्या दिल्या.

सकाळी मिसळ खाल्ली. मी सावध केलं होतं, पण आयरिश माणसाला सावध केलं की तो ते आव्हान समजतो. कट (मिसळीवरचा झणझणीत रस्सा) दोघांनीही चमच्यानं प्यायला. विल्यम लाल झाला आणि बराच वेळ खोकत राहिला. हेलननं त्याच्या पाठीवर हात ठेवला आणि खोकला थांबल्यावरही काढला नाही. आमचा चालक दत्ता कोल्हापूरचाच. तो दह्याची वाटी पुढं सारत म्हणाला, “पावणं, हे घ्या. इथं रडल्याबिगर कोण उठत न्हाय.” (कोल्हापुरात अनोळखी माणूसही पावणं, म्हणजे पाहुणाच असतो.)

राधानगरी रस्त्याला उसाच्या ट्रॉल्यांचे दिवस होते. एक ट्रॉली रस्त्यातच कलंडली होती, म्हणून थांबावं लागलं. बाजूलाच एक गोठा होता. विल्यम उतरला आणि सरळ म्हशींपाशी गेला. कासेकडं, खुरांकडं पाहिलं, एकीच्या पाठीवर थाप मारली आणि बोट दाखवत मोजायला लागला, “एक, दोन, तीन, चार...” पुढं अडला. आत्या एकदाच रजेवर घरी आली होती, तेव्हा तिनं या दोघांना मराठी आकडे शिकवले होते. “पाच,” मागून हेलन म्हणाली.

गोठ्याचे मालक हसत बाहेर आले. “मराठी येतंय की. गाव कुठलं म्हणायचं, पावणं?”

मी विचारलं. विल्यम म्हणाला, “आयर्लंड.”

हेलननं त्याच्याकडं वळून पाहिलं. मालक चहा सांगायला आत गेले.

“असं पाहू नकोस,” तो तिला म्हणाला. “मी आयरिश नाही असं कधी म्हटलं? रग्बीचा संघ अख्ख्या बेटाचा मिळून एकच आहे, त्याच्यासाठी घसा मीही फोडतो. पण माझा डॉक्टर ब्रिटिश आहे, पेन्शन ब्रिटिश आहे आणि बापानं लढाईत घातलेला गणवेशही ब्रिटिश होता. ते कुणीतरी एका मतदानात काढून घ्यायचं?”

“कुणी काढून घेणार नाही.”

“तुझा नवरा काय म्हणतो ते सांग यांना.”

हेलननं नाइलाजानं सांगितलं. तिचा नवरा म्हणतो, उत्तरेला यायचं तर खुशाल यावं, पण कर वाढता कामा नये. माझ्या मुलीच्या कार्यालयातली पोरं तर म्हणतात, देश एक करा नाहीतर दोन ठेवा, आधी घरांची भाडी कमी करा. ज्या एकीसाठी माणसं मेली तिच्याविषयी दक्षिणेत इतकं सुस्त बोललं जातं, हे मला ठाऊक नव्हतं.

मग विल्यम म्हशीकडं पाहतच बोलला. “आमच्या शेजारी एक गाईवाला होता. अर्धवेळ पोलिसात जायचा. त्याला त्याच्याच गोठ्यात गोळ्या घातल्या. घालणाऱ्यांच्या तोंडात तोच शब्द होता, जो हिला दगडावर हवाय.”

हेलननं वाद घातला नाही. “माझ्या सासरच्या, उत्तरेत राहणाऱ्या एका मुलाला ब्रिटिश सैनिकांनी रस्त्यात मारलं,” ती म्हणाली. “त्यांना पाठवणाऱ्यांच्या तोंडात तुझा शब्द होता.”

चहा आला. तो कुणी लवकर उचलला नाही.

पुढं गाडीत दत्तानं विचारलं, “ताई, काय बिनसलं?” मी थोडक्यात सांगितलं. त्याची आत्या निपाणीकडं, कर्नाटकात दिलेली. “तिकडं कायतरी झालं की एसटी बंद,” तो म्हणाला. “मग आत्याला आणाय मोटरसायकलवर जातो. ती मागं बसून दोन्ही सरकारांना शिव्या घालती. हितल्या हद्दीत ह्यांना, तितल्या हद्दीत त्यांना.” मी भाषांतर केलं. विल्यम म्हणाला, आत्या समजूतदार दिसते.

त्या गावाचं नाव लिहीत नाही. पुढच्या मजकुरानं तिथल्या कुणाला ओशाळं वाटू नये. दफनभूमीची देखभाल करणाऱ्या समितीच्या अध्यक्षांनी सत्कार ठेवला होता. मांडव, ध्वनिक्षेपक, हलगी, सगळं होतं. कोल्हापुरात फेटा बांधल्याशिवाय माणसाला पाहुणा झाल्यासारखं वाटू देत नाहीत. विल्यमला हिरवा फेटा बांधला आणि हेलनला केशरी. त्यांच्या बेटावर हिरवा रंग आयर्लंड एक करू पाहणाऱ्यांचा आणि केशरी राजनिष्ठ प्रोटेस्टंटांचा. त्या रंगांच्या मिरवणुकांवरून तिथं डोकी फुटली आहेत. दोघांनी एकमेकांच्या डोक्याकडं पाहिलं आणि हसू आवरेना. अध्यक्षांना वाटलं, स्वागत आवडलं.

भाषण लांबलं. अध्यक्षांनी इंग्रजांचं जोखड झुगारून देणाऱ्या दोन शूर राष्ट्रांचा उल्लेख केला आणि टाळ्यांसाठी विल्यमकडं पाहिलं. मी त्या वाक्याचं भाषांतर ‘ते तुमचे आभार मानतात’ असं केलं. विल्यमनं मान लववली. शेवटी अध्यक्ष म्हणाले की दगडावर ‘करवीरकन्या’ कोरावं, बाकी कुठल्या देशाचं नाव कशाला, मार्गीबाई (गावात मार्गारेटचं हेच नाव) आमच्याच होत्या.

मला ती सुटका वाटली. हेलनलाही वाटली असावी. पण पहिल्या रांगेत सुशीलाबाई बसल्या होत्या. दवाखान्यातल्या जुन्या परिचारिका, मार्गीबाईंच्या हाताखाली शिकलेल्या. गेली कित्येक वर्षं थडग्याची झाडलोट त्याच करतात. त्या जागेवरूनच बोलल्या.

“आमच्या न्हवत्या, अध्यक्ष. आमच्यासाठी केलं त्यांनी, ते येगळं. पाऊस लागला की व्हरांड्यात बसून म्हणायच्या, सुशीला, आमच्याकडं असाच असतो. दरसाल म्हणायच्या औंदा जाणार. जीव तिकडंच हुता बाईंचा. त्यो तरी त्यांच्याकडनं काढून घेऊ नगा.”

मी हे मात्र शब्दाला शब्द लावून सांगितलं.

दफनभूमी दवाखान्याच्या मागं, उतारावर आहे. खाली भाताची रिकामी खाचरं, पलीकडं ऊस. काळ्या दगडावर नाव आणि ‘परिचारिका’ एवढं कोरून झालं होतं. पाथरवट छिन्नी घेऊन बसला होता. दोघं पुन्हा वादाला लागल्यावर त्यानं मला विचारलं, “मॅडम, देश कशापायी? मुक्काम पोस्ट, तालुका, जिल्हा घाला. आमच्यात तेवढंच असतंय.”

कल्पना चांगली होती. मी सांगितली. हेलन हळूच म्हणाली, “जिल्ह्यालाही दोन नावं आहेत.” त्यांच्या जिल्ह्याला हेलन डेरी म्हणते, विल्यम लंडनडेरी म्हणतो, आणि तिथं कुणी यांतलं कुठलं नाव घेतं यावरून त्याचं चर्च कुठलं ते ओळखतात. पाथरवटानं छिन्नी खाली ठेवली आणि तंबाखू काढली.

“गाव तरी एकच हाय न्हवं?” सुशीलाबाईंनी विचारलं.

गाव एकच होतं. ड्रमगॅरा. गाव म्हणायचं इतकंच. ते टाउनलँड (आपल्या वाडीहूनही लहान वस्ती) आहे, चार घरं आणि एक ओहोळ. दोघांनी ते नाव एकाच उच्चारात सांगितलं. पाथरवटानं ते कोरायला घेतलं. टाकी पडत राहिली तोवर विल्यम शेजारच्या थडग्याच्या कठड्यावर बसून होता. त्याला धाप लागली होती.

“पुढं जागा सोडायला सांगा,” तो म्हणाला.

“कशासाठी?” हेलननं विचारलं.

“उद्या कधी मतदान झालं आणि आमच्याकडच्या बहुमतानं तुझा शब्द निवडला, तर लिहा. करारात तसंच ठरलंय ना आपलं. मला वाटतं ती जागा कायम मोकळी राहील.”

“मला वाटतं भरेल.”

“म्हणून तर म्हणतो, सोडा.”

पाथरवटानं मापपट्टी धरली. “किती अक्षरांची सोडू?”

हा प्रश्न अडचणीचा होता. विल्यमचा शब्द लांब, हेलनचा आखूड. मी भाषांतर केलं आणि वाट पाहिली. हेलन दगडाकडं बराच वेळ पाहत होती.

“लांब शब्दाएवढी सोडा,” ती म्हणाली. “माझा त्यात मावेल.”

विल्यमनं हात पुढं केला. तिनं त्याला कठड्यावरून उठवलं, आणि गाडीपर्यंत तो तिच्या आधारानंच गेला. परतीच्या वाटेवर दोघंही मागं बसली. मी दत्ताशेजारी बसले. साताऱ्याच्या पुढं मागून आकडे ऐकू आले. दहापर्यंत पोचली होती.

पुण्यात माझ्या टेबलावर त्या दगडाचा फोटो आहे. घरी येणारा प्रत्येकजण विचारतो, शेवटचं पुसलं गेलंय का. आधी मी सविस्तर सांगत असे. आता, काम अजून व्हायचंय, इतकंच सांगते. एका बेटाच्या एकीबद्दल मी बरंच वाचलं होतं, आणि वाचून माझं मतही तयार होतं. ते मत आता पहिल्यासारखं ठाम सांगवत नाही. जे दोघं तो प्रश्न खरोखर जगत होते, त्यांना त्या दुपारी जेमतेम मोकळ्या जागेएवढं जमलं, आणि तेही कष्टानं.

श्रावणात हेलनचा फोन आला. विल्यम गेला होता. ड्रमगॅऱ्यात पाऊस होता, असं तिनं सांगितलं.

मी सुशीलाबाईंना कळवलं. आठवड्यानं त्यांचाच फोन आला. “ताई, अध्यक्ष म्हणत्यात, दगडावर मोकळी जागा बरी दिसत न्हाय. विल्यमसायबांचं नाव घालूया म्हणत्यात. सौजन्य म्हणून.” अध्यक्षांच्या मनात वाईट नव्हतं. आपल्याकडं गुळगुळीत मोकळा दगड दिसला की कुणाच्या तरी शुभहस्ते काहीतरी झाल्याखेरीज राहवत नाही.

मी हेलनला विचारलं. हेही सुचवलं की आता तिचा शब्द लिहिला तर हरकत घेणारं कुणी उरलेलं नाही. हे मी विचारायला नको होतं, पण विचारलं.

“तो गेला म्हणून मी बरोबर ठरत नाही,” ती म्हणाली. “असू दे तसंच.”

मी सुशीलाबाईंना निरोप दिला. पलीकडं पाऊस वाजत होता, त्यामुळं त्यांना तो दोनदा सांगावा लागला.

“बरं,” त्या म्हणाल्या. “ऱ्हावू दे मग मोकळं. मी हाय तवर तरी कोण हात लावत न्हाय.”