पिन बसली म्हणजे झालं?

आमच्या घनसावंगीत लाईट गेली की गल्लीला आधी माझ्या वडिलांचा आवाज ऐकू येतो. वायरमनला फोन, त्यानं उचलला न्हाई तर थेट त्याच्या दारात. बाबांना दमा. औषधाची वाफ करणाऱ्या मशीनला लाईट लागते, आणि हक्काचं मागायला लाजायचं कशाला, हे त्यांचंच म्हणणं. म्हणून तर अमेरिकेतल्या त्या दोन दिवसांचा मला अजून संताप येतो.

धाकटा भाऊ तिकडं नोकरीला. त्याच्या घरी बाबा पहिल्यांदाच निघाले, सोबत मी. आपली पिन तिकडं बसत न्हाई एवढं ठाऊक होतं, म्हणून जालन्यात एका दुकानातून अडॅप्टर घेतला. दुकानदारानं माझ्याच मोबाईलचा चार्जर त्यात खुपसून दाखवला. "बिलकुल टेन्शन न्हाई ताई, साऱ्या दुनियेत चालतंय." चार्जर बसला म्हणजे मशीनही चालणार, असं आम्हीही धरून चाललो. आमच्याकडं कारभारच असा. पिन ढिली असली तर काडी खोचायची, घट्ट असली तर ठोकायची. एकदा बसली की विषय संपला.

तिथं पिन झकास बसली. पण घरी मिक्सरसारखं खडखडणारं मशीन तिथं नुसतं गुणगुणायला लागलं. मी दारातूनच विचारलं, "बाबा, चालू हे ना?"

"बराबर चालू हे. इकडची लाईट भारी हे माय, आवाजसुद्धा न्हाई."

दुसऱ्या दिवशी बाबा जिना चढताना मधेच बसले. ताटातलं अर्धं तसंच ठेवलं. प्रवासाचा शीण, म्हणाले. भाऊ म्हणाला, थंडीनं असेल. दुपारी मी चहा घेऊन खोलीत गेले, तर बाबा मास्क लावून बसलेले, खांदे वरखाली होऊन राह्यलेले आणि वाफेचा पत्ताच न्हाई. औषधाची वाटी उघडली. औषध जसंच्या तसं.

"हे काय हो बाबा? कालपासून कोरडंच लावून बसलात?"

ते धापा टाकत म्हणाले, "हळू बोल. त्याची मीटिंग चालू हे. पोराच्या घरी आल्या आल्या काय मागत बसायचं?"

माझं टाळकंच सरकलं. खड्ड्यात गेली मीटिंग! भावाला हाताला धरून उठवलं. त्यानं मशीनखाली छापलेलं वाचलं आणि कपाळाला हात लावला. तिकडची वीज आपल्यापेक्षा निम्म्या दाबाची. अडॅप्टर पिन जुळवतो, दाब वाढवत न्हाई. मंग हे सांगायचं कुणी? विकणाऱ्यानं न्हाई, आणि इतकी वर्षं तिथं राहणाऱ्या ह्यानंही न्हाई? वर फोनवर रोजचं ठरलेलं, बाबांना काही कमी पडू देणार न्हाई! मी सगळं त्याच्या तोंडावर सुनावलं. त्यानं किल्ली उचलली. गाडी काढली आणि दाब वाढवणारा एक जडशीळ डबा घेऊन आला.

मशीन घरच्यासारखं खडखडलं. मास्क पांढऱ्या वाफेनं भरला. हळूहळू बाबांचे खांदे खाली आले. त्यांनी मास्क काढला, भावाकडं बघितलं आणि म्हणाले, "थँक्यू."

अख्ख्या आयुष्यात त्यांच्या तोंडून हा शब्द मी ऐकला नव्हता. वायरमनला न्हाई, डॉक्टरला न्हाई. पोटच्या पोराला म्हणाले.