मडगार्डवरची जागा

गेममधली गाडी अगदी खऱ्यासारखी चालते, असं दुकानदारानं छातीठोकपणे सांगितलं, म्हणून मी स्टिअरिंगसकट सगळं सामान धाराशिवच्या खोलीवर आणलं. साफ खोटं निघालं. पहिल्याच पावसाळी शर्यतीत गाडी चिखलात घातली, तर ती नुसती घसरली. चाकाला चिखल चिकटलाच नाही! मुरूम गावाजवळच्या आमच्या काळ्या रानात ट्रॅक्टर जरा पुढं गेला की मडगार्डमध्ये चिखल गच्च बसायचा, आणि ताई खाली उतरून तो खुरप्यानं खरवडायची.

आमच्या घरी ट्रॅक्टर ताईच चालवायची. मी तिच्या डाव्या बाजूला मडगार्डवर बसायचो. "नीट धर, वळण लई वाईट हाय," ती म्हणायची, आणि मी तिच्याकडं झुकायचो. आता तिच्या सासरी दोन ट्रॅक्टर आहेत. पण सुनेनं ट्रॅक्टर चालवला तर लोक काय म्हणतील, म्हणून तिला किल्लीला हात लावू देत नाहीत. तिनं हे मनाला लावून घेणं कधीच सोडून दिलंय. मला अजून राग येतो.

गेमला नावं ठेवत मी रोज खेळतो. वळण आलं की खुर्चीत आपोआप उजवीकडं झुकतो. गेममध्ये रस्ता गाडीच्या मागून दिसतो, वरून दिसतो, बोनेटवरून, चालकाच्या जागेवरूनही दिसतो. परवा मी एकेक बटण दाबून पाहिलं. जिथून अर्धा रस्ता आणि अर्धी ताई दिसायची, ती जागा त्यात कुठंच नाही.