ओटीतला फोन

हे मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही. बायकोलाही नाही – आणि तिला तर मी दुकानात किती चहा झाले तेसुद्धा सांगतो. तुम्ही मला ओळखत नाही, म्हणून कदाचित जमेल. बघू.

जळगाव जामोदला माझं मोबाइलचं छोटं दुकान आहे. आता तिथे फक्त दुरुस्ती होते. पण एके काळी दारावर एका कंपनीचा भला मोठा पिवळा बोर्ड होता. नाव कशाला घेऊ? तिचा फोन तुमच्याही घरी असेल – बटणांचा, जाडजूड, डोक्यावर टॉर्च असलेला. बीटी कापूस नवा नवा होता, बोंडं टच्च भरत होती, त्या वर्षांत आमच्याकडे गावोगाव हाच फोन आला. पाण्यात पडला, बैलाच्या पायाखाली आला, तरी वाजायचा. मग टच फोन आले आणि ही कंपनी कुठे विरून गेली ते कळलंही नाही.

काही वर्षांनी ती परत आली, स्वतःचा टच फोन घेऊन. तोवर बाजारात फोनांची जत्रा भरलेली. अकोल्याचा वितरक म्हणाला, जुनं नाव आहे, लोक धावत येतील. माझा विश्वास बसला. बाकी कंपन्यांचा माल मी बंद केला आणि बोर्ड चढवला.

कुणी धावत आलं नाही. का येईल? त्यांच्या खिशात त्याच कंपनीचा जुना फोन होता आणि तो काही केल्या मरत नव्हता. मग कंपनीने योजना काढली – जुना द्या, नवा सवलतीत न्या. त्यात ते वर्ष बोंडअळीचं. दुसऱ्या वेचणीलाच बोंडं आतून किडकी निघत होती. अशा वर्षी नवा फोन कोण घेतो? वितरकाने बजावलं, या महिन्यात विक्री दिसली नाही तर बोर्ड उतरवू. बोर्ड उतरला असता तर माझ्याकडे दुसरं काहीच नव्हतं.

मी आडवळणाने बोलतोय ना? हो, बोलतोय.

अंजनाकाकूंबद्दल सांगायचं आहे. सातपुड्याच्या पायथ्याच्या एका गावातून त्या बाजाराच्या दिवशी यायच्या. नवरा गेलेला, दुसऱ्यांच्या शेतात कापूस वेचायला जायच्या. एकुलता एक मुलगा गजू सुरतेला कापडाच्या कारखान्यात. काकूंना अक्षरओळख नाही. पण दोन नंबरचं बटण दाबून धरलं की गजूला फोन लागतो, एवढं मीच त्यांना लावून दिलं होतं. अंधारातही त्यांचा अंगठा बरोबर तिथे जायचा.

त्या दिवशी त्यांनी फोन काउंटरवर ठेवला. "बापू, हा चार्ज होऊन नाई राह्यला. पाह्य बरं काय झालं."

काय झालं ते मला फोन हातात घेताच दिसलं. आमच्याकडे वेचणीच्या दिवसांत असे फोन रोज येतात. बायका कमरेला लुगड्याची ओटी बांधतात, वेचलेला कापूस त्यात टाकतात – आणि फोनही त्याच ओटीत. कापसाचे तंतू चार्जिंगच्या भोकात जाऊन घट्ट बसतात. टाचणीने काढायचे. त्याचे पैसे मी कधीच घेतले नाहीत.

त्या दिवशी मी टाचणी हातात घेतली नाही. मी फोन उघडला, उगाच आत बघितलं, मान हलवली आणि म्हणालो, "काकू, हा मेला आता."

एवढंच. झालं सांगून. 

नाही, एवढंच नाही. त्यांनी नवा फोन घेतला. वेचणीची मजुरी त्यात गेली. जुना मी ठेवून घेतला आणि त्या वेशीपर्यंतही पोचल्या नसतील, तोवर टाचणीने कापूस काढून चार्जरला लावला. लगेच पेटला. मी तो ड्रॉवरमध्ये टाकला.

पुढच्या बाजाराला काकू आल्या. नवा फोन त्यांचं बोट ओळखत नव्हता. वाळलेल्या बोंडांची टोकं घुसून घुसून त्यांच्या बोटांना भेगा पडलेल्या, कातडी खडबडीत. काचेवर कितीही दाबलं, घासलं तरी फोन ढिम्म. गजूचा फोटो मी पडद्यावर लावून दिला, दाबला की त्याला फोन लागेल असा – पण फोटोला तरी बोट लागायला हवं ना? गजूचा फोन वाजायचा आणि त्या नुसत्या बघत बसायच्या. शेजारी कुणी असलं तर उचलून द्यायचं. मग दर बाजाराला त्या माझ्याकडे येऊ लागल्या. मी फोन लावून द्यायचो आणि त्या मला आशीर्वाद द्यायच्या. मी ते घ्यायचो. 

एकदा त्यांच्या फोनवर अनोळखी नंबरचे नऊ मिस्ड कॉल दिसले. मी लावला. गजूच्या सोबत्याने उचलला. गजूचा हात यंत्रात सापडला होता, तीन दिवस तो दवाखान्यात होता, आता बरा होता. तीन दिवस ओटीत फोन वाजत होता आणि शेतात सगळ्यांच्याच बोटांची तीच गत. काकू काउंटरला धरून खाली बसल्या. गजूशी बोलल्या, रडल्या, डोळे पुसले आणि मला म्हणाल्या, "तू व्हता म्हून मले कयलं रे बापू. नाई तं मले कोनं सांगतलं असतं?"

तेव्हा मी खरं बोललो असेन, असं वाटतंय तुम्हाला? मी ड्रॉवर उघडला, जुना फोन काढला आणि म्हणालो, अकोल्याहून पार्ट मागवला होता, जमला एकदाचा. त्यांचाच जिवंत फोन मी त्यांना मोठ्या मेहनतीने दुरुस्त केल्यासारखा परत दिला. नव्या फोनचे पैसे मात्र परत दिले नाहीत, तेही सांगून टाकतो.

पुढे कंपनी पुन्हा बुडाली. बोर्ड उतरला. माझंही दुकान बुडायचं – पण काकूंनी गावभर सांगितलं होतं, मेलेला फोन जित्ता करतो तो पोरगा. वेचणाऱ्या बायकांची अख्खी टोळी फोन घेऊन आली, मग त्यांचे नवरे, मग शेजारची गावं. आज माझी मुलगी बुलढाण्याला कॉलेजात शिकते ती या दुरुस्तीवर. कुणाच्या उपकारावर, हे मला पक्कं माहीत आहे. काकूंची आठवण झाली की माझे हात आपोआप जुळतात. त्यांचं माझ्यावर जेवढं ऋण आहे तेवढं माझ्या बापाचंही नाही.

काकू अजून येतात. गजूचा हात बरा आहे. दर हिवाळ्यात माझ्यासाठी अंबाडीची भाजी आणतात. यंदाही आणली. फोन पुढे केला, "चार्ज होऊन नाई राह्यला." इतकी वर्षं मी त्यांच्याकडे पाठ वळवून कापूस काढायचो. यंदा का कोण जाणे, त्यांच्या समोरच काढला. इवलासा पांढरा बोळा काउंटरवर पडला. काकूंनी तो बोटावर घेतला. आयुष्यभर कापूस वेचलेली बाई ती. तिला काय सांगायचं?

"एवढंसंच व्हतं का रे?"

"हो काकू," मी म्हणालो, "या वेळी एवढंच होतं."

'या वेळी' हे मी मुद्दाम घातलं, तो अकोल्याचा पार्ट शाबूत राहावा म्हणून. त्यांनी बोळा फुंकून टाकला, दोन नंबरचं बटण दाबून धरलं आणि फोन कानाला लावला.