कडूबाच्या खिशातला फ्यूज

चिकलठाण्याच्या आमच्या कारखान्यात पत्रा कापायचं मोठं कातरी मशीन होतं. त्याच्या पात्याला चार कडा. एक बोथट झाली की पातं सोडवून फिरवायचं आणि दुसरी कड पुढं आणायची. हे काम खुलताबादच्या मुख्तारचं. तोंडाचा भारी फटकळ, मालकालाही सुनवायचा. त्याचा जोडीदार हर्सूलचा कडूबा, मुलखाचा गरीब. मुख्तार बोल्ट सोडायचा, कडूबा खालून पातं झेलायचा.

मुख्तारचा कायदा एकच. ज्याचे हात पात्याखाली, मेन स्विचचा फ्यूज त्याच्याच खिशात. पातं बसलं की मुख्तार ओरडायचा, "कडूबा, हात?" कडूबा दोन्ही पंजे वर करून म्हणायचा, "हायेत दोन्ही!" मगच फ्यूज जागेवर जायचा. आम्ही या नाटकाला हसायचो. पण आमच्याकडं कुणाचं बोट कधी गेलं नाही, हेही खरंच.

एका संध्याकाळी पातं अर्धवट बसलेलं असताना कडूबाच्या छातीत जळजळायला लागलं.

"भजी हाणली असशील. जा घरी," मुख्तार करवादला.

कडूबा गेला. फ्यूज खिशातच राहिला.

सकाळी काम खोळंबलं. सुपरवायझर म्हणाला, नवा फ्यूज बसवू. मुख्तार त्याच्यावरच भडकला. "ज्याच्या खिशात गेला, त्याच्याच हातून येणार!" माझ्या स्कूटरवर मागं बसून हर्सूलपर्यंत तो कडूबाचा उद्धार करत होता. गल्लीत शिरलो तरी तोंड चालूच. दारात माणसं जमली होती. तिरडी बांधायचं काम चाललं होतं.

कडूबाची बायको सारजाबाई उठून आली. पदराच्या गाठीतला फ्यूज तिनं मुख्तारच्या हातावर ठेवला.

"भाऊ, पहाटं लई दुखत व्हतं त्यांच्या छातीत. तरी एकच म्हनत व्हते, हे मुख्तारलाच दे. नायतर लई वरडंल त्यो."



दोन-चार दिवसांनी दुसऱ्या एकाला हाताशी घेऊन मुख्तारनं पातं बसवलं. त्याच्याकडून फ्यूज हातात घेतला आणि सवयीनं ओरडला, "कडूबा, हात?"

मला वाटलं, आपण ओ द्यावी. पण दिली नाही. मुख्तार तसाच वाट बघत उभा राहिला. मग त्यानं फ्यूज स्वतःच्या खिशात घातला, डोळे पुसले आणि गेटबाहेर निघून गेला.

मशीनला शेवटी नवाच फ्यूज आणावा लागला.