गार म्हणजे ठीक

त्या दिवशी जेवणाआधी मी आणि बायकोनं सिंकपाशी उभं राहून कोळंबी सोलली. मुलाच्या घरी, दुबईत, सिलिकॉन ओएसिसला. माझ्या कोळंबीला निम्मी सालं तशीच.

ती म्हणाली, "अहो, जहाजावर एवढं मटण सांभाळलंत, मूठभर कोळंबी जमेना?"

"तिथं सोलत नव्हतो. नुसतं गार ठेवत होतो."

"तेवढंच येतं तुम्हाला."

खरंच तेवढंच येतं. मी चौथी नापास. ते जहाज दुसऱ्या महायुद्धाच्या दिवसांत बांधलेलं, सैनिकांना मटण पोचवायला. मी चढलो तेव्हा पार म्हातारं झालेलं. तळाच्या खोल्यांच्या भिंतींत बुचाचा जाड थर, वर मिठाच्या गार पाण्याचे पाईप, आत गोठलेली मेंढरं रचलेली. मी इंजिनातला तेलवाला, यंत्रांना तेल घालणारा. दर चार तासांनी खाली सोडलेली थर्मामीटरं दोरीने वर ओढायची, आकडा खडूने फळ्यावर लिहायचा. पारा चढला तर बोंब मारायची, साहेबाला उठवायचं. उतरला तर खुशाल चहा प्यायचा. याच दुबईसमोर नांगर टाकून आम्ही मटण होड्यांत उतरवायचो. सात वर्षं केलं. जहाज भंगारात गेलं, खोड माझ्यात राहिली. पोराला ताप आला की घर डोक्यावर घ्यायचो. अंग गार लागलं की निर्धास्त.

जेवून ती आडवी झाली. मुलगा-सून ऑफिसला. तीनच्या सुमारास तिच्या हाताला हात लागला. गार. कपाळावर घाम.

"बरं नाही का गं?"

"दमलेय. पडू दे जरा."

मला वाटलं, एसीनं गारठली. एसी बंद केला, पांघरूण घातलं आणि टीव्ही बघत बसलो. फोन हाताशीच होता. पाचला चहा करून हाक मारली. ती गेली होती.

डॉक्टर म्हणाले, हृदय. मुलानं विचारलं, "बाबा, आधी काही जाणवलं का?"

मी म्हटलं, "नाही. झोपेतच गेली."

दुसऱ्या दिवशी सकाळी तो गावाला मावशीला फोनवर तेच सांगत होता, "झोपेतच गेली गं, काही त्रास झाला नाही." मी त्याच्या हातून फोन काढून घेतला, बंद केला. त्याला समोर बसवलं. म्हटलं, तीन वाजताच गार पडली होती, घाम फुटला होता. मी तुला कळवलं नाही. आता मावशीला परत फोन लाव. मीच सांगतो.