चुन्याच्या रेषेच्या आत

माझ्या बायकोच्या थोरल्या मामांनी जी जमीन सहा वर्षं जपली, ती त्यांनीच आखून दिल्यामुळे खणली गेली. ऐंशीचं दशक निम्मं सरलं होतं. मार्च महिन्यातला सोमवार होता; काम सकाळी सातला सुरू झालं आणि साडेअकराच्या सुमारास संपलं. आखलेल्या रेषेबाहेर एकाही मजुराची कुदळ पडली नाही. दोष कोणाचा, हे मी पुढे अनेकांना विचारलं. एकमत झालं नाही. एका बाबतीत मात्र सगळे एकच सांगत, की मामांइतकी सरळ रेषा वरोऱ्यापासून राजुऱ्यापर्यंत दुसरा कोणी मारत नाही.

मामा माजरीच्या कोळसा खाणीत सर्व्हेअर होते. साखळी धरणारा मजूर म्हणून लागले, रात्रशाळा केली, परीक्षा दिल्या आणि सर्व्हेअर म्हणून निवृत्त झाले. नोकरी जमिनीच्या पोटात गेली, त्यामुळे वरची जमीन मोजायची राहून गेली असं त्यांना वाटत असावं. गावी परतल्यावर त्यांनी ते काम हाती घेतलं. त्यांचं पाऊल अडीच फुटांचं होतं आणि ते बोलत असतानाही चुकत नसे. विहार किती लांब आहे असं कोणी विचारलं, की ते हात करून दिशा दाखवत नसत. "एकशे बारा कदम, मंग डावीकडे एकोणीस" असं सांगत. मामींचं हरवलेलं जोडवं त्यांनी वहीतून शोधून दिलं होतं, कारण ते शेवटचं कुठे दिसलं ते "विहिरीच्या काठापासून पूर्वेला नऊ फूट" असं नोंदलेलं होतं. विहाराचा पाया भरला तेव्हा एक कोपरा दोन इंच बाहेर गेल्याचं त्यांच्या लक्षात आलं. गवंडी म्हणाला, दोन इंच कोणाला दिसतात? मामा म्हणाले, "मले दिसतेत. आता मी डोळे मिटून वंदना कशी म्हणू?" कोपरा पुन्हा भरला गेला. माझ्या लग्नात मांडवाचा काटकोन त्यांनी दोरीने तपासला होता. एक खांब हलवावा लागला आणि लग्न बारा मिनिटं पुढे गेलं. ही बारा मिनिटंही त्यांच्याच वहीत आहेत.

गावाच्या पश्चिमेला गुरचरणाची जमीन आहे. तिथे काळ्या मातीखाली एक हिरवट-पांढरा थर लागतो. तो दगड म्हणावा इतका कठीण नाही आणि माती म्हणावी इतका मऊ नाही. पाण्यात टाकला की विरघळतो. गावात त्याला नुसतं 'पांढरी' म्हणतात. सणाच्या आधी बायका टोपल्या भरून पांढरी आणतात, भिजवतात आणि घराच्या भिंती पोतारतात. मामा निवृत्त झाले त्या वर्षी मामींच्या टोपलीतून एक मूठभर आकाराचा गोल दगड निघाला. त्याला मधोमध खळगा होता आणि दोन्ही बाजूंना पंखासारखी टोकं. मामींनी तो उकिरड्याकडे फेकला. मामांनी आधी तो कुठे पडला ते अंतर मोजलं आणि मग उचलला. खाणीच्या छतावर कोळशात उमटलेली झाडांची पानं त्यांनी अनेकदा पाहिली होती, त्यामुळे दगडात जुना जीव असू शकतो हे त्यांना ठाऊक होतं. हा मणका होता.

त्या दिवसापासून मामा रोज सकाळी पांढरीवर जाऊ लागले. त्यांना हाडं मिळाली, कासवाच्या पाठीचे तुकडे मिळाले आणि गोल, वळ्या पडलेले, वजनदार असे पुष्कळ गोटे मिळाले. हे गोटे काय असावेत ते त्यांना उमजेना. त्यांनी दोन नमुने लाकडी पेटीत बसवून नागपूरला भूगर्भशास्त्राच्या एका प्राध्यापकांना पाठवले. प्राध्यापकांचं उत्तर आलं, की या थराला शास्त्रात मार्ल म्हणतात आणि गोटे म्हणजे कोट्यवधी वर्षांपूर्वीच्या प्रचंड प्राण्यांची दगड झालेली विष्ठा आहे. मामांनी हे पत्र ओसरीवर मोठ्याने वाचून दाखवलं. त्यांच्या चुलतभावाची बायको, जिला आम्ही सगळे वहिनीच म्हणत असू, तिथे बसली होती. ती म्हणाली, "भाऊजी, माणसं रिटायर झाल्यावर तीर्थाले जातेत. तुमी शेण येचून राह्यले." मामींनी त्यात भर घातली. "लोकाच्या घरी शेणाचा सडा पडते बाई, आमच्या घरी शेणाले नंबर पडते." नंबर खरोखरच पडत होते. प्रत्येक गोट्यावर काळ्या शाईने आकडा आणि वहीत त्या आकड्यापुढे जागा: अमुक बाभळीपासून इतके फूट, वरून इतकी खोली. अंथरुणं ठेवायच्या फडताळात गोटे आले आणि अंथरुणं बाहेर आली. मामींनी तक्रार केली तेव्हा मामा शांतपणे म्हणाले, "हातरुण कुठीबी ठेवता येते. याची जागा ठरलेली हाये."

पांढरी न्यायला येणाऱ्या बायकांशी मात्र ते भांडले नाहीत. भिंती पोतारायच्याच होत्या. त्यांनी पूर्वेचा एक भाग बायकांसाठी ठरवून दिला आणि पश्चिमेचा, जिथे हाडं दाट होती, तिथे खणू नका असं सांगितलं. बायकांनी ते मानलं. सहा वर्षं मानलं. वहिनी पूर्वेकडून टोपली भरताना ओरडून विचारायची, "भाऊजी, तुमच्या हत्तीले आज बरं हाये का?" मामा उत्तर द्यायचे, "हत्ती नाई. हत्तीपेक्षा मोठा." हा संवाद सहा वर्षांत फारसा बदलला नाही.

त्या फेब्रुवारीत प्राध्यापकांचं दुसरं पत्र आलं. ते मार्चमधल्या एका शनिवारी स्वतः येणार होते. पत्रात एक सूचना होती: हाडं काढू नका, ती जमिनीत जशी आहेत तशीच मला पाहायची आहेत, सुटं हाड फार काही सांगत नाही, जागेवरचं हाड सांगतं. मामांनी या ओळींखाली लाल रेघ मारली. जागा प्राध्यापकांच्या अहवालात आली, म्हणजे कागदावर आली, आणि कागदावर आलेली जागा कोणी सहज मोडत नाही, असा त्यांचा हिशेब होता. सहा वर्षं ते याचीच वाट पाहत होते.

तयारीला त्यांनी आठवडा घेतला. हाडं दाट असलेल्या भागाभोवती दोरी लावून वीस फूट बाय बारा फुटांचा चौकोन काढला. चारही कोपऱ्यांत लाल डोक्याच्या खुंट्या ठोकल्या. कर्ण दोनदा मोजले. मग चाळलेला चुना दोरीलगत सोडून रेषा मारली. रस्त्याने जाणारा येणारा थांबून पाहत होता. कोणासाठी आखताय, असं विचारलं की मामा खाली मान घालूनच सांगत, "साहेब येनार हाये शनिवारी, त्याच्यासाठी." रविवारी सूर्यास्ताला काम संपलं. सोमवारी पहिल्या एसटीने मामा वरोऱ्याला माझ्याकडे आले. मी तिथे एका दैनिकाचा वार्ताहर होतो आणि माझ्याकडे कॅमेरा होता.

याच सोमवारी गावात रोजगार हमीच्या रस्त्याचं काम सुरू व्हायचं होतं. भरावासाठी माती गुरचरणातून घ्यायची, एवढं आधीच ठरलं होतं. रस्त्याचे साहेब रविवारपर्यंत येऊन खड्डा आखून देणार होते. ते आले नाहीत. सकाळी सातला मुकादम पस्तीस मजूर घेऊन गुरचरणात पोहोचला, तेव्हा त्याला समोर खुंट्या, दोरीत मारल्यासारख्या चुन्याच्या चार रेषा आणि नेमके चार काटकोन दिसले. मजुरांत वहिनी होती. मुकादमाने मला नंतर सांगितलं, "सरकारी आखनी पाह्यली हाये मी, वाकडी राह्यते. ही पाहून वाटलं, साहेबानं यावेळी सर्वेअर भाऊले कामाले लावलं." ती हाडांची जागा हे ठाऊक असूनही वहिनीलाही तसंच वाटलं. भाऊजींनी स्वतःच सांगितलं होतं, साहेबासाठी आखतो आहे. भाऊजींची रेषा म्हणजे भाऊजींची रेषा. त्यांनी आतच खणलं.

आम्ही एसटीतून उतरून चालत गेलो तेव्हा बारा वाजत आले होते. जेवणाची सुट्टी झालेली होती. बायका बाभळीखाली भाकरी सोडून बसल्या होत्या. मामा वाटेत मला, फोटो कुठून कुठे घ्यायचा ते समजावत होते. खड्ड्याच्या काठावर ते थांबले. मग त्यांनी पिशवीतून टेप काढली, एक टोक माझ्या हातात दिलं आणि खड्डा मोजला. वीस फूट. बारा फूट. खोली सगळीकडे सारखी.

"लाइन सोडली नाई कोनी?" त्यांनी मुकादमाला विचारलं.

"एक इंच बी नाई, भाऊ. तुमची लाइन हाये ना!"

"बरं केलं," मामा म्हणाले.

वहिनी भाकरी हातात तशीच धरून उठली. "भाऊजी, काई चुकलं का?"

"तुमचं काई नाई चुकलं. चुना माह्या हातचा हाये."

"मंग असे काऊन बसले?"

मामा खरोखरच खाली बसले होते. तिला मी सांगितलं. तिने भाकरी फडक्यात गुंडाळली आणि बाकीच्या बायकांकडे वळून म्हणाली, "उठा व. गोटे काढा." कठीण ढेकळं भरावात चालत नाहीत म्हणून बायकांनी पुष्कळ तुकडे कडेला फेकले होते. ते गोळा झाले. रस्त्यावर ओतलेल्या मातीतही हात घालून त्यांनी शोधलं. सुट्टी संपेपर्यंत चार टोपल्या भरल्या. मामांनी एकेक तुकडा हातात घेऊन वहीत लिहायला सुरुवात केली. आकडा लिहीत आणि जागेच्या रकान्यात 'माहीत नाही'. मी पान पाहिलं. सत्तावीस ओळींत हे दोन शब्द सत्तावीस वेळा होते. हा रकाना त्यांनी यापूर्वी कधी असा भरलेला नव्हता.

मातीकामात एक रीत असते. किती खोल खणलं ते नंतर मोजता यावं म्हणून खड्ड्यात मधे मधे मातीचे खांब न खणता ठेवतात. खांबाचा माथा म्हणजे मूळ जमीन, आणि तिथून तळापर्यंतची उंची म्हणजे खोली. या खड्ड्यातही दोन खांब ठेवले होते. एक कुठेही ठेवायचा तसा ठेवला होता. दुसरा वहिनीने ठेवला होता, कारण तिथे कुदळ लागत नव्हती. मामांनी त्या खांबाला फेरी घातली आणि उत्तरेच्या अंगाला वाकले. मांडीच्या हाडाचं एक टोक मार्लमधून बाहेर आलेलं होतं. बाकीचं हाड आत होतं, होतं तिथेच.

मोजणी झाली की खांब पाडतात. मुकादमाने तो पाडला नाही.

प्राध्यापक शनिवारी आले. त्यांनी टोपल्या पाहिल्या, सहा वर्षांच्या वह्या पाहिल्या आणि मामांना विचारलं, "हे सगळं तुम्ही एकट्याने मोजलं?" मामा म्हणाले, "पहिले मोजलं. मंग घालवलं." प्राध्यापक त्या एका खांबाजवळ दुपारचे चार तास बसून होते. थर कुठे बदलतो, हाड कसं निजलं आहे, याची चित्रं त्यांनी काढली. काठावर बायका बसून पाहत होत्या. वहिनीने मामांना विचारलं, "एका खांबात एवढं काय पाहून राह्यले हे?" मामा म्हणाले, "जागा."

पावसाळ्याआधी मामांनी खांबावर बांबूचे तट्टे बांधले, वरून पळसाची पानं घातली. खांब टिकला. डिसेंबरमध्ये प्राध्यापक प्लास्टर घेऊन आले आणि हाड अखंड काढून नागपूरला घेऊन गेले. अहवाल पुढे छापला गेला. त्यात पांढरीचं वर्णन दीड पान आहे, आणि जागा कशी ठरवली हे सांगताना मामांच्या वह्यांचा उल्लेख आहे.

त्यानंतरच्या जूनमध्ये मी गावी गेलो, तेव्हा मामा पुन्हा तट्टे बांधत होते. खांबाच्या उत्तरेला हाड काढल्याची खोबण होती. मी विचारलं, "मामाजी, आता यात काय आहे?"

"काई नाई."

"मग?"

"जमीन कुठपर्यंत होती, हे आता फक्त हाच सांगते, जवाई," ते म्हणाले, आणि टेपचं एक टोक माझ्याकडे दिलं.

खांबाची उंची त्या दिवशी चार फूट दोन इंच भरली. त्यांनी ती वहीत लिहिली.